अपस्माराचे निदान झाल्यापासून माझेच मागचे आयुष्य मला परके वाटू लागले आहे

कृष्णाकाठचा_शिक्षक

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वय ३६. काही महिन्यांपूर्वी मला झोपेत मोठ्या फिट आल्या. त्या मी पाहिल्या नाहीत, पत्नीने पाहिल्या. सकाळी उठल्यावर जीभ एका कडेला चावली गेलेली होती आणि सगळे अंग ठेचून काढल्यासारखे दुखत होते, एवढेच मला कळले. पुण्यात मेंदूचा एमआरआय आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, असे दोन्ही झाले. एमआरआय स्वच्छ निघाला, ईईजीत दोष दिसला, आणि डॉक्टरांनी अपस्माराचे निदान सांगून गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून फिट आलेली नाही. आजाराविषयी मी बरेच वाचले आहे, त्यामुळे उपचारांबद्दल मला इथे काही विचारायचे नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो नेमका कसा मांडावा हे बरेच दिवस सुचत नव्हते.

निदान सांगण्याआधी डॉक्टरांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखे कधी होते का? समोर चाललेले सगळे आधी एकदा घडून गेले आहे, अशी पक्की खात्री क्षणभर वाटते का? त्यानंतर थोडा वेळ कोण काय बोलले ते आठवत नाही, असे होते का? मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेलो आणि हो म्हणताना मला बरेही वाटत होते, कारण माझ्या मनातली इतकी खासगी गोष्ट कुणीतरी इतकी अचूक ओळखत होते. हे क्षण मला नववी-दहावीपासून येत आले आहेत. संध्याकाळी घाटावर बसलेलो असताना नदी, पलीकडचे देऊळ, धुणे आपटल्याचा आवाज, सगळे एकाएकी फार ओळखीचे आणि अर्थाने भरलेले वाटू लागे, आता आपल्याला काहीतरी उमगणार असे वाटे आणि मग ते निसटून जाई. मी हे फक्त आजीला सांगितले होते. तिचे वडील कीर्तनकार होते. त्यांनाही अशी तंद्री लागायची, तू त्यांच्यावर गेला आहेस, असे ती म्हणाली होती. पुढे मी कविता लिहू लागलो, मराठी घेऊन एम. ए. केले, शिक्षक झालो, आणि या सगळ्याच्या मुळाशी ते क्षण आहेत अशी माझी आजवरची समजूत होती. डॉक्टरांनी केसपेपरवर त्यांची नोंद ‘फोकल सीझर्स, टेम्पोरल लोब’ अशी केली, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून, कानशिलाजवळच्या भागातून, सुरू होणारे झटके.

पुढे काय होईल याची भीती वाटते, आणि ती मला समजते. शाळेत जायला मोटरसायकल वापरायची नाही असे सांगितल्यामुळे आता एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, तेही समजते. पण माझे मागचे आयुष्यच कुणीतरी नव्याने लिहून काढले आहे, याचे काय करावे ते मला समजत नाही. ज्याला मी माझे मन म्हणत होतो त्यातले माझे किती आणि आजाराचे किती? गोळ्या सुरू झाल्यापासून ते क्षण येईनासे झाले आहेत. घरच्यांना याचा आनंद आहे आणि त्यांच्यासमोर मीही तसेच दाखवतो, परंतु एकटा असताना मला चक्क सुतक असल्यासारखे वाटते. शिवाय हल्ली मी चिडका झालो आहे. मुलांवर कधी आवाज न चढवणारा माणूस होतो, आता वर्गात क्षुल्लक कारणावरून संतापतो. हा चिडका माणूस तरी मी आहे का? आपल्यापैकी कुणाला निदानानंतर असे झाले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

महाल_नागपूर

सर, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले आणि मगच लिहायला बसले. मला वयाच्या १५ व्या वर्षापासून अपस्मार आहे, आता मी साठीला आले आहे, आणि नोकरीची सगळी वर्षे मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

दीर्घकालीन आजाराचे निदान झालेल्या माणसांविषयी माइकल बरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८२ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांशी बोलून त्याने असे मांडले की असा आजार शरीराबरोबर माणसाच्या चरित्रालाच खंड पाडतो. आपण स्वतःची जी कहाणी मनात बाळगून असतो, लहानपणी असा होतो, म्हणून पुढे हे केले, आता पुढे ते करणार, ती कहाणी मध्येच तुटते आणि माणसाला मागे जाऊन तिची पुन्हा जुळणी करावी लागते. तुम्ही सध्या हेच करत आहात. लोक अशा वेळी शोकाचे पाच टप्पे सांगतात: नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. ते मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले होते. तुम्हाला अजून बरीच वर्षे जगायचे आहे आणि शिकवायचे आहे, तेव्हा आपण कोणत्या टप्प्यावर आहोत याचा हिशेब करत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा संताप पन्नाशीत आला आणि स्वीकार त्याच्या कितीतरी आधी येऊन गेला होता.

आता माझे सांगते. माझे लग्न १९९७ साली ठरले. त्या वेळच्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत अशी अट होती. ती १९७६ च्या दुरुस्तीने घातली गेली होती, आणि तिच्यातून अपस्मार १९९९ साली वगळण्यात आला. म्हणजे मी बोहल्यावर चढले तेव्हा वेड आणि माझा आजार कायद्याच्या एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेले होते. वडिलांनी कुणालाही सांगू दिले नाही. माझ्या गोळ्या आईने रक्तवाढीच्या औषधाच्या बाटलीत भरून दिल्या होत्या आणि सासरी मी त्या रक्तवाढीच्या म्हणूनच घेत असे. चैत्रातल्या हळदी-कुंकवाच्या दिवशी घरात इतक्या बायका होत्या की सकाळची गोळी राहून गेली आणि दुपारी पन्हे वाटताना मी कोसळले. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी मुठीत किल्ली कोंबली. शुद्धीवर आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो आता माहेरी परत जावे लागणार, हा. सासूबाईंनी रात्री फक्त एवढे विचारले की गोळी किती वाजता घ्यायची असते, आणि त्या होत्या तोवर ती वेळ त्यांनी चुकू दिली नाही.

सगळ्यांच्या वाट्याला अशी सासू येत नाही, हे मी जाणते. माझ्या ओळखीतली एक मुलगी लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी आली ती परत गेलीच नाही. तरीही आयुष्यभर मला ज्याने पोखरले ते लोकांचे वागणे नव्हते, लोक वागतील ही धास्ती होती. लंडनचे समाजशास्त्रज्ञ ग्रॅहम स्कॅम्बलर आणि न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) अँथनी हॉपकिन्स यांनी १९८६ साली अपस्माराच्या रुग्णांविषयी नेमके हेच लिहिले. प्रत्यक्ष सोसावा लागलेला भेदभाव आणि मनात घर करून बसलेली लाज-भीती यांत त्यांनी फरक केला आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा आयुष्य अधिक विस्कटते असे त्यांना आढळले. लोकांना कळू नये म्हणून माणूस सगळे लपवतो, लपवल्यामुळे लोक कसे वागले असते हे त्याला कधी समजतच नाही, आणि त्यामुळे धास्ती तशीच राहते. तुमच्या प्रश्नात शाळेचा उल्लेख आहे, पण शाळेला हे सांगितले आहे असे कुठे लिहिलेले नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मेंदूचा_वैद्य

मी मुंबईत न्यूरॉलॉजिस्ट म्हणून काम केले, आता निवृत्त आहे. तपासल्याशिवाय एखाद्या रुग्णाविषयी ठाम काही सांगणे योग्य नाही, त्यामुळे सर्वसाधारण गोष्टी सांगतो.

सर्वांत आधी तुमच्या चिडचिडीविषयी. गोळीचे नाव तुम्ही दिलेले नाही, परंतु हल्ली फार वापरले जाणारे लेव्हेटिरासिटॅम हे औषध काही रुग्णांना चिडके करते, काहींना उदास करते, आणि हा त्या औषधाचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. रुग्ण स्वतःच्या स्वभावाला दोष देत राहतो, घरचे ‘आजारामुळे बदलला’ म्हणतात आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही. पुढच्या तपासणीची वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. मनाने गोळी बंद मात्र अजिबात करू नका, एकाएकी औषध सोडल्याने सलग फिट येत राहण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. याशिवाय अपस्मारात नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. त्याचे कारण निदानाचा धक्का एवढेच नसते, मेंदूच्या ज्या भागातून फिट सुरू होतात त्या भागांचा भावनांशी थेट संबंध असतो. सुतक असल्यासारखे वाटणे आठवडेच्या आठवडे उतरत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तेही त्याच तातडीने सांगा. त्यावर चांगले उपचार आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे मोठे न्यूरॉलॉजिस्ट होते. तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेला ते ‘स्वप्नावस्था’ म्हणत. त्यांच्या एका रुग्णाविषयी त्यांनी १८८८ साली लिहिले. तो स्वतः डॉक्टर होता आणि लेखात त्याचा उल्लेख केवळ ‘झेड’ या अक्षराने येतो. हा झेड एकदा एका रुग्णाची छाती तपासत असताना त्याला असाच झटका येऊ लागला. भानावर आला तेव्हा तो टेबलाशी बसलेला होता आणि रुग्णाला डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याची नोंद त्याच्याच हाताने झालेली होती. नोंद केल्याचे त्याला आठवेना. त्याने रुग्णाला पुन्हा तपासले आणि ते निदान बरोबर निघाले. आता ते निदान झेडने केले की आजाराने? विद्यार्थ्यांना शिकवताना मी हा प्रश्न विचारत असे. माझे उत्तर असे की आजाराने त्याची आठवण हिरावून घेतली, परंतु कान लावून फुप्फुसाचा आवाज ओळखण्याची जी विद्या होती ती त्याने अनेक वर्षे खपून मिळवलेली, त्याचीच होती.

टेम्पोरल लोबच्या आतल्या भागात, जिथे स्मृती आणि भावना यांच्याशी निगडित रचना आहेत, विद्युतप्रवाहाची गडबड झाली की ‘हे ओळखीचे आहे’ ही जाणीव ओळखीच्या वस्तूशिवायच उमटते. आजाराचे देणे एवढेच. त्याच भागातून फिट सुरू होणाऱ्या माझ्या काही रुग्णांना त्या क्षणी नुसती दहशत वाटे, काहींना जळका वास येई, आणि बहुतेकांना ती एक कटकट वाटे. त्यांच्यापैकी कुणी घाटावर बसून तिचा अर्थ लावत राहिले नाही आणि पुढे मराठी घेऊन शिकवायला लागले नाही. आणखी एक गोष्ट. ‘हे आधी घडून गेले आहे’ असे पुष्कळ निरोगी माणसांनाही अधूनमधून वाटते. तेव्हा तुमचा तो प्रत्येक क्षण झटकाच होता असे मागे जाऊन कुणीही ठरवू शकत नाही, मीही नाही आणि तुमचे डॉक्टरही नाहीत. केसपेपरवरची ओळ औषध ठरवण्यासाठी लिहिलेली असते आणि तिचा अधिकार तेवढाच आहे.

निदान म्हणजे जन्माचा शिक्का, हेही मनातून काढावे. १० वर्षे फिट आलेली नाही आणि त्यांतली शेवटची ५ वर्षे औषधही नाही, अशा व्यक्तीचा अपस्मार संपला असे मानावे, हे आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१४ साली ठरवले आहे. सगळ्यांच्या बाबतीत तसे घडत नाही, कित्येकांना औषध दीर्घकाळ लागते, पण योग्य औषधाने साधारण ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोटरसायकलच्या बाबतीत मात्र तुमच्या डॉक्टरांचे ऐकावे. आपल्याकडे परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्मार आहे का, असा थेट प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये साधारणपणे वर्षभर फिट आली नाही तर खासगी वाहनाचा परवाना पुन्हा मिळू शकतो. आपल्याकडेही अशी नेमकी मुदत कायद्याने ठरवावी, असे मला मनापासून वाटते, कारण वाहन सोडणे म्हणजे ग्रामीण भागातल्या माणसाने आपले स्वातंत्र्य सोडण्यासारखे असते आणि त्याला शेवट कुठे आहे हे तरी कळायला हवे.

ठाणेकरीण

वरचे सगळे वाचले, आणि एका माणसाविषयी कुणीच लिहिलेले नाही असे लक्षात आले. सर, तुमच्या फिट तुम्ही पाहिल्या नाहीत, तुमच्या पत्नीने पाहिल्या. माझ्या यजमानांना अपस्मार आहे आणि ते बँकेत अधिकारी आहेत. त्यांना फिटची आठवण नसते. त्यांच्या वाट्याला आजाराचे नाव येते, दृश्य माझ्या वाट्याला येते. निदान झाल्यावर पहिली कित्येक महिने मी रात्री त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडत असे. कूस बदलताना पलंग करकरला तरी दचकून उठत असे.

आणि तरीही मी जे केले ते त्यांना कसे वाटले असेल, हे मला फार उशिरा कळले. डॉक्टरांनी सांगितले होते की न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. रास्त सूचना होती. पण ४० वर्षांच्या, हाताखाली माणसे असलेल्या गृहस्थाला आंघोळीच्या वेळी दार नुसते लोटून घ्यायला लागते, बाहेर बायको उभी असते, दर दोन मिनिटांनी ‘झाले का?’ विचारते, आणि शाळकरी मुलगी ते पाहते. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण घरात बोलणे कमी झाले. शेवटी त्यांनीच सुताराकडून दारावर एक सरकती पाटी बसवून घेतली. ती सरकवली की आत कुणीतरी आहे हे कळते, कडी लावावी लागत नाही, आणि घरातले सगळेच ती वापरतात, मीसुद्धा. त्या दिवसापासून मी बाहेर उभे राहणे बंद केले. आजारपणात माणसाचे ‘मी’पण हरवते असे आपण मोठ्या शब्दांत म्हणतो, पण ते न्हाणीघराच्या दाराशी, गाडीच्या किल्लीशी, गॅसच्या शेगडीशी रोज थोडे थोडे हरवत असते, आणि जमले तर तिथेच परत मिळवावे लागते.

तुमच्या पत्नीशी या क्षणांविषयी, कवितेविषयी बोललात का? तुम्ही फक्त आजीचा उल्लेख केला आहे.

पंचगंगा

माझी गोष्ट उलटी आहे. इथे लिहावी की नाही असा प्रश्न पडला होता, पण निदान आणि ओळख हा विषय आहे म्हणून लिहिते. कोल्हापूरची आहे. कॉलेजात असताना मला झटके येऊ लागले. घरी आधी अंगात येते असे समजून देवस्थाने झाली, मग एका डॉक्टरांनी अपस्मार सांगितला, आणि खरे सांगायचे तर तो माझ्या आयुष्यातला फार मोठा दिलासा होता. माझ्या त्रासाला पुस्तकातले नाव मिळाले, घरच्यांनी दोरे-गंडे काढून टाकले, वडील अभिमानाने सांगू लागले की हा मेंदूचा आजार आहे, अंधश्रद्धा नको. मी अपस्मार असलेली मुलगी झाले. त्यावर कॉलेजच्या अंकात लेख लिहिला, लोकांना प्रथमोपचार शिकवले. गोळ्या वाढत गेल्या तरी झटके थांबले नाहीत, म्हणून कित्येक वर्षांनी मुंबईला व्हिडिओ-ईईजीसाठी दाखल केले. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, समोर सतत चालू असलेला कॅमेरा, आणि झटका यावा म्हणून वाट पाहणारे आम्ही सगळे. झटका आला. डॉक्टरांनी नंतर ते चित्रण आणि आलेख शेजारी शेजारी लावून दाखवले. माझे हातपाय झडत होते आणि खालच्या रेषांमध्ये अपस्माराची एकही खूण नव्हती.

अशा झटक्यांना विघटनात्मक झटके म्हणतात. ते मुद्दाम केलेले नसतात, रुग्णाच्या ताब्यातही नसतात, आणि अपस्माराच्या गोळ्यांचा त्यांच्यावर उपयोग होत नाही. मानसोपचारांचा होतो. डॉक्टरांनी हे फार समजावून सांगितले. पण मी ऐकले ते एवढेच की तुझा आजार खोटा आहे. एका वाक्यात माझे नाव काढून घेतले गेले. ज्या नावामुळे मला घरात विश्वास मिळाला होता ते गेल्यावर घरचे पुन्हा संशयाने पाहू लागतील, ही भीती होती, आणि एका काकांनी ‘म्हणजे नाटक होते तर’ असे म्हटलेही. मी तेव्हा अपस्माराच्या निदानासाठी रडले आहे. आज मानसोपचारांनी झटके जवळजवळ बंद आहेत. घरी कधीच न बोललेल्या काही गोष्टी त्या उपचारांत बोलता आल्या, त्या इथे लिहिणार नाही.

सर, तुम्हाला निदान मिळाले म्हणून मागचे आयुष्य परके वाटते, मला निदान गेले म्हणून वाटत होते. प्रथमोपचार शिकवणारी ती मुलगी खोटी होती का, असे मी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारले होते. त्यांनी विचारले, तुम्ही शिकवलेले प्रथमोपचार चुकीचे होते का? मी नाही म्हटले. त्या म्हणाल्या, मग ती मुलगी खोटी कशी?

कृष्णाकाठचा_शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, गोळी तीच आहे. मी फोन केला. आमच्या डॉक्टरांनी चिडचिडीची नोंद घेऊन पुढच्या आठवड्यात बोलावले आहे, औषध हळूहळू बदलण्याविषयी बोलू म्हणाले. झेडची हकीकत मी दोनदा वाचली.

ठाणेकरीण ताई, पत्नीशी बोलत नव्हतो हे तुम्ही बरोबर ओळखले. तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला आणि मग आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. तिने त्या रात्रीचे सगळे सांगितले, जे मी आजवर विचारलेच नव्हते. माझ्या जुन्या वह्या तिने कपाटातून काढल्या. त्यांतल्या बऱ्याच कविता नदीवरच्या नाहीतच. आईवर आहेत, गावच्या दुष्काळावर आहेत, आणि चांगल्या आहेत असे तिचे म्हणणे आहे. ते क्षण आता येणार नाहीत याचे दुःख अजून आहे. ते लगेच जाईल असे मला वाटत नाही, आणि ते असण्यात काही गैर आहे असेही आता वाटत नाही.

पंचगंगा ताई, तुमच्या धैर्याला नमस्कार.

महाल_नागपूर मॅडम, शाळेत खरेच कुणालाही सांगितलेले नाही. मुख्याध्यापकांना सांगायचे ठरवले आहे. नववीच्या वर्गाला सांगावे का, यावर मन घट्ट होत नाही. मुले टिंगल करतील याची भीती नाही, ती घाबरतील याची आहे.

महाल_नागपूर

सर, मी वर्गाला सांगितले होते, पण नोकरीच्या निम्म्या वाटेवर आल्यानंतर. वर्गात फिट आली तर न सांगितलेली मुले अधिक घाबरतात. मुख्याध्यापकांना आधी सांगा, म्हणजे पालकांकडून काही विचारणा झाली तर त्यांना उत्तर देता येईल. वर्गात मात्र प्रस्तावना न करता, तासाच्या सुरुवातीला, सरळ सांगा. मुलांना माहितीपेक्षा काम दिलेले आवडते. सरांना फिट आली तर बाके बाजूला कोणी सरकवायची, घड्याळ कोणी पाहायचे, डोक्याखाली दप्तर कोणी ठेवायचे, आकडी थांबल्यावर कुशीवर कोणी वळवायचे, शिक्षकांच्या खोलीत कोणी धावायचे, हे नावे घेऊन ठरवून द्या. तोंडात चमचा किंवा बोट घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचे नाही, आणि ५ मिनिटांच्या पुढे गेले तर शिक्षकांना १०८ ला फोन करायला सांगायचे, एवढे त्यांच्याकडून दोन-तीनदा वदवून घ्या. मग धडा सुरू करा. तास संपल्यावर एखादे मूल टेबलापाशी रेंगाळेल, त्याला बोलू द्या. माझ्याकडे थांबलेल्या मुलीच्या घरी तिच्या धाकट्या भावाला फिट येत होत्या आणि त्याला कुठल्याच डॉक्टरांकडे नेलेले नव्हते.